शेवटचे तीन फोटो : लग्नाचा फोटोग्राफर आपल्याकडे कसा घडला

ज्यांनी हा भाग कानाने ऐकलाय त्यांना यात नवीन काही नाही. पण एसटीत रेंज जाते, म्हणून ज्यांना वाचावं लागतं त्यांच्यासाठी हा अख्खा भाग लेखी. बोलताना मी दोनदा अडखळलो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय लग्नाचा फोटोग्राफर. पण सुरुवात लग्नाने नाही, तेरवीने करतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत माझी आजी गेली. दारव्ह्याजवळ आमचं गाव आहे. मी पुण्यात नोकरीला, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून सकाळी पोचलो. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "तेरवीच्या आधी बुढीचा फोटो फ्रेम करून आणा लागते. तुह्या लॅपटॉपात असनच ना."

मला वाटलं, असणारच. २०१९ मध्ये माझ्या चुलत भावाचं लग्न झालं. दोन फोटोग्राफर, एक ड्रोन, एक व्हिडिओवाला असा सगळा थाट होता. त्या लग्नाचे ४,२०० फोटो माझ्याकडे हार्ड डिस्कवर होते. एवढे फोटो एकेक बघत कोण बसणार? मी इंजिनिअर माणूस. चेहरा ओळखणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, आजीचा आधार कार्डवरचा चेहरा तिला दिला आणि सगळं फोल्डर तिच्यावर सोडलं.

उत्तर आलं, १४.

४,२०० पैकी १४ फोटोंत आजी होती. त्यातल्या नऊ फोटोंत ती कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी. तीनमध्ये घास तोंडाजवळ नेताना. दोन हललेले. फ्रेम करावा असा एकही नाही.

शेवटी आईने लोखंडी कपाट उघडलं आणि आत्याच्या लग्नाचा अल्बम काढला. २००४ सालचा, फिल्मवरचा, प्लास्टिकच्या पानांचा. त्यात जेमतेम शंभर फोटो. शेवटच्या पानावर आजी खुर्चीत बसलेली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय आणि हसू दाबतेय. आजूबाजूला कुणी नाही. आज आमच्या घरात भिंतीवर तोच फोटो आहे.

माझा प्रश्न इथून सुरू झाला. शंभर फोटोंत जे सापडलं ते ४,२०० फोटोंत का नाही सापडलं? याचं उत्तर शोधायला आपल्याला दारव्ह्यातून थेट लंडनला जावं लागेल. घाबरू नका, परत येऊ.

हललेली राणी

फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये. दागेर नावाच्या माणसाने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवून दाखवलं. यालाच डागेरोटाइप म्हणतात. पुढच्याच वर्षी, म्हणजे फेब्रुवारी १८४० मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. त्या लग्नाची पेंटिंग आहेत, फोटो नाही. त्या काळात एका फोटोसाठी माणसाला काही मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागायचं. लग्नात कोण बसणार?

अठरा वर्षांनी, २५ जानेवारी १८५८ रोजी, तिच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. आता तंत्र सुधारलं होतं. लग्नाला निघण्याआधी राणी, तिचा नवरा आणि नवरी मुलगी असा तिघांचा फोटो काढला. तो फोटो आजही बघायला मिळतो. नवरी स्पष्ट आहे, बाप स्पष्ट आहे. आणि राणी हललेली. मुलगी सासरी चालली म्हणून आईला एवढं भरून आलं होतं की तिला स्थिर उभं राहता आलं नाही.

मला हा फोटो फार आवडतो. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर बिघडलेला फोटो. पण पाठवणीच्या वेळी आई थरथरते, हे त्याच्यात आपोआप उतरलंय. पुढची दीडशे वर्षं लग्नाचा फोटोग्राफर याच कात्रीत काम करतोय. माणसं स्थिर पाहिजेत म्हणजे चेहरा येतो, आणि माणसं हलली पाहिजेत म्हणजे लग्न येतं.

मुंबईचे डॉक्टर, हैदराबादचे इंजिनिअर

आपल्याकडे कॅमेरा फार उशिरा आला असं समजू नका. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. तिच्यात साहेब लोकांबरोबर आपले लोकही होते. डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव तुम्ही राणीच्या बागेतल्या म्युझियममुळे ऐकलं असेल. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि उत्तम फोटोग्राफर. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ चालवला. म्हणजे अठराशे सत्तावनच्या आसपासच मराठी मुलखात फोटो काढून पोट भरणारा माणूस होता.

पण फोटो काढून घ्यायचा तर स्टुडिओत जावं लागे, आणि घरंदाज बायका स्टुडिओत कशा जाणार? पुरुषासमोर पदर सरकवून बसायचं? यावर एक भारी तोडगा निघाला हैदराबादला. लाला दीनदयाळ हे निजामाचे दरबारी फोटोग्राफर. शिक्षण रुरकीच्या थॉमसन कॉलेजात, सुरुवातीला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी. इंजिनिअरिंग करून फोटोग्राफीत जायची परंपरा किती जुनी आहे, ते आपापल्या घरच्यांना सांगा! तर या दीनदयाळांनी १८९२ मध्ये खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला बाईच नेमली.

याचा आपल्याशी काय संबंध? तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच होतं. इंग्रज १८५३ पासून त्याचा कारभार बघत होते. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने वूण जिल्हा म्हणून ओळखला जायचा. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला मिळालं १९०५ मध्ये. म्हणजे आपल्या खापरपणज्या ज्या निजामाच्या नावाखाली राहत होत्या, त्याच्या राजधानीत बायकांचा वेगळा स्टुडिओ होता. आणि इथे कापूस वेचणाऱ्या बाईचा जन्मात एक फोटो निघत नव्हता. फोटो कुणाचा निघतो हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

भीतीही होती. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. गुजरातमध्ये गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ टाकला होता. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, आयुष्य कमी होतं, या समजाला त्यांना तोंड द्यावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. ही भीती माझ्या आजीच्या पिढीपर्यंत थोडीफार टिकली होती. "सारखे सारखे फोटो काढू नये बाप्पा, नजर लागते," हे तर आपण सगळ्यांनी ऐकलंय.

बारा फोटोंचं लग्न

आता दारव्ह्याला परत या. शकुंतला रेल्वेच्या जुन्या रुळांपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मालकांना मी काका म्हणतो. नाव सांगू नको म्हणालेत. २०१७ च्या मे महिन्यात, बीटेकच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर, मी त्यांच्याकडे लाइट धरायला जायचो. दिवसाला तीनशे रुपये आणि दोन्ही वेळचं लग्नाचं जेवण. इंटर्नशिप म्हणून सांगायला काही बरं नव्हतं, पण मी आयुष्यात जे शिकलो त्यातलं बरंच तिथे शिकलो.

काकांनी धंदा सुरू केला १९८४ मध्ये, एका जुन्या याशिकावर. दोन भिंगांचा कॅमेरा. एका भिंगातून आपण बघायचं, दुसऱ्यातून फोटो निघायचा. कॅमेरा पोटाजवळ धरायचा आणि मान खाली घालून काचेत बघायचं. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. नवरदेव डावीकडे सरकला की काचेत उजवीकडे सरकतो. काका म्हणतात, "पहिले सहा महिने म्या लोकाईले उलटंच सरकवलं."

त्या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल लागायचा. एका रोलमध्ये फोटो किती? बारा. ज्यांना एवढा कॅमेरा परवडत नव्हता त्यांच्यासाठी आग्फा क्लिक थ्री होता, भारतातच बनायचा, त्यातही बाराच. सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स नावाचा कारखाना काढला होता. तिथला 'इंदू' ब्रँडचा काळा-पांढरा रोल खेड्यापाड्यांत चालायचा.

आता तुम्ही डोक्यात गणित करा. साधारण शेतकऱ्याचं लग्न. तो म्हणतो, दोन रोल. म्हणजे चोवीस फोटो. हळद, देवदर्शन, वरात, मंगलाष्टकं, हार, सप्तपदी, मामा, आहेर, ग्रुप फोटो, पाठवणी, सगळं चोवीसमध्ये. एक जरी डोळा मिटला तर तो फोटो गेला, आणि गेलेला कळायचा आठ दिवसांनी. आपण सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, मेमरी कमी असली की कोड नीट लिहावा लागतो. तसंच हे.

म्हणून काका बटण दाबण्याआधी मांडवात तासभर नुसते फिरायचे. कोण आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, नवरीचा बाप कुठे बसतो, कोणती म्हातारी कोपऱ्यात आहे. लग्नातल्या प्रत्येकाचं नातं त्यांना पाठ असायचं. कोणते चोवीस क्षण ठेवायचे हे ठरवायला माणसं माहीत असावी लागतात.

रात्री घरी येऊन धुलाई. आणि इथे आपल्या यवतमाळचा उन्हाळा आडवा यायचा. काळ्या-पांढऱ्या फिल्मचं औषध साधारण २० अंशाला नीट काम करतं. मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी किती अंशाला येतं ते तुम्हाला माहीत आहे. मग काका कुल्फीवाल्याकडून बर्फ आणायचे, परातीत औषधाचा डबा ठेवून बाजूने बर्फ रचायचे आणि रात्री दोननंतर काम सुरू करायचे. प्रिंट काढताना लाल दिव्याखाली पांढरा कागद औषधात सोडायचा. आधी काहीच नसतं. मग हळूहळू डोळे येतात, मग मुंडावळ्या, मग अख्खा चेहरा. "चाळीस वर्ष झाले," काका म्हणतात, "पण थ्या ट्रेमंधी चेहरा येऊन राह्यला का मले अजून मजा वाटते." डार्करूम बंद होऊन किती वर्षं झाली, तरी ते हे वाक्य वर्तमानकाळात बोलतात.

दुपारचा मुहूर्त आणि गुलाबी नवरदेव

या कामात नेमकं कसब काय असतं? मी लाइट धरताना जे बघितलं ते सांगतो.

पहिली अडचण उजेड. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, कापसाचा पैसा हातात आल्यावर लग्नं. मुहूर्त भर दुपारचे. वर कापडी मांडव, तो लाल किंवा गुलाबी. ऊन त्या कापडातून गाळून खाली येतं आणि सगळे चेहरे गुलाबी करून टाकतं. डोळ्याला ते जाणवत नाही, कारण मेंदू आपोआप दुरुस्ती करतो. फिल्म करत नाही. रंगीत फिल्मच्या काळात नवरदेव ताप आल्यासारखा लाल यायचा. यावर काकांचा उपाय म्हणजे मांडवाची एक बाजू सोडायची आणि चेहऱ्यावर तिकडून उघडा उजेड घ्यायचा. मंडपवाल्याशी दोस्ती असली की हे जमतं.

दुसरी अडचण पांढऱ्या रंगाची. आपल्या जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे. बौद्ध लग्नात पांढरी साडी, पांढरे कपडे, मागे पांढरा पडदा, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा आणि मेणबत्त्या. कॅमेऱ्याला एवढं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झालाय, आणि तो फोटो काळपट करतो. तिथे हाताने उजेड वाढवून घ्यावा लागतो. आणि दोन्ही प्रतिमा पूर्ण फ्रेममध्ये आल्याच पाहिजेत, कापल्या तर लग्नघर माफ करत नाही, बरोबरच आहे. बंजारा तांड्यावर लग्न असलं तर फेट्या-काचळीवरचे आरसे चमकतात, फ्लॅश सरळ मारला की परत कॅमेऱ्यात येतो. एकाच महिन्यात चार प्रकारची लग्नं, आणि प्रत्येकात उभं कुठे राहायचं ते वेगळं.

तिसरी गोष्ट अक्षता. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट सरकतो, नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात. तो क्षण एकदाच येतो. आणि नेमक्या त्याच क्षणी पाचशे माणसं उभी राहून तांदूळ फेकतात. आजचा कॅमेरा तेव्हा हमखास गोंधळतो, कारण फोकस चेहऱ्याऐवजी समोर उडणाऱ्या तांदळावर जातो. काका फोकस आधीच हाताने लावून ठेवतात आणि सेकंदाचा दोनशेवा भाग एवढाच शटर उघडतात, वर फ्लॅश. मग तांदळाचे दाणे हवेत थांबलेले दिसतात आणि मध्ये नवरीचे डोळे. तो फोटो पहिल्यांदा स्क्रीनवर बघितला तेव्हा मी लाइट धरायचा विसरलो होतो. "अबे पोट्ट्या, झोपला का?" हे वाक्य आजही त्या लग्नाच्या व्हिडिओत ऐकू येतं.

हॅलोजनचे दिवस

१९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडनंतर देशात रंगीत टीव्ही पसरला, मागोमाग व्हिडिओ कॅसेट आली आणि काही वर्षांत लग्नात शूटिंगवाला दिसायला लागला. त्याच्यासोबत हॅलोजनचा दिवा आणि वायर सांभाळणारा पोरगा. पंचेचाळीस डिग्रीत तोंडावर तो दिवा! आपल्या आई-वडिलांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये सगळे डोळे बारीक करून का बघतात, ते आता कळलं असेल.

आणि मग मिक्सिंग. गुलाबाचं फूल उमलतं, त्यातून नवरी निघते. ताजमहालासमोर नवरदेव तरंगतो. आपण हसतो त्याला. पण ज्या माणसाने ताजमहाल कधी बघितला नव्हता आणि बघणारही नव्हता, त्याला एका दिवसापुरतं तिथे नेऊन उभं करणं, हा त्या कारागिराचा आनंद होता. आज आपण रीलला जे फिल्टर लावतो ते काय वेगळं आहे?

कापलेला फोटो

आता त्या शेवटच्या तीन फोटोंकडे येतो.

एका दुपारी काम नव्हतं. मी काकांना विचारलं, "काका, तुम्ही प्रत्येक लग्नात शेवटी म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत का बसवता? कुणी सांगितलेलं नसतं."

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. बरीच वर्षं झाली, एक बाई अल्बम पिशवीत घालून दुकानात आली. तिचं लग्न काकांनीच काढलं होतं. नवऱ्याने कर्जापायी औषध घेतलं होतं. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला यवतमाळ होता, ते का जाहीर करावं लागलं हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. तर त्या बाईला नवऱ्याचा एकट्याचा फोटो पाहिजे होता, भिंतीवर लावायला. घरात त्याचे फोटो म्हणजे फक्त लग्नाचे. आणि लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो जोडीने. काकांनी एक फोटो निवडला, त्यातून नवरीला कापलं. तीच नवरी काउंटरच्या पलीकडे उभी होती. कापूनही नवऱ्याच्या बाहीवर तिची बोटं राहिली. ती ब्रशने रंगवून झाकावी लागली.

काका म्हणाले, "त्या दिवशी समजलं बाबू, आपण लग्नाचे फोटो काढतो असं आपल्याले वाटते. लोकं त्याचं काय करतीन हे आपल्याले माहीत नसते."

तेव्हापासून त्यांचा नियम झाला. नवरदेवाचा एक आणि नवरीचा एक, एकट्याचा, सरळ बघतानाचा फोटो काढायचाच. आणि रोलमधले शेवटचे तीन फोटो, ज्यांचा फोटो निघत नाही त्यांचे. कुणाची आजी, कुणाचा सालगडी, चुलीपाशी बसलेली मावशी. "नवरा-नवरीचे फोटो आणखी निघतीन. ह्या बुढीचा निघन का?"

त्या तीन फोटोंचे पैसे ते लावत नसत. रोल तर घरच्यांच्या पैशाचा असायचा, त्यामुळे एखाद्याने कुरकुर केली तर ते तीन प्रिंट फुकट द्यायचे. २००४ मध्ये आत्याच्या लग्नाचे फोटो कुणी काढले होते ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

चार हजार फोटो आणि आपण

मग डिजिटल आलं. करिझ्मा अल्बम आला, जाड पानांचा, उचलायला दोन माणसं लागतील असा. २००८ नंतर फोटोच्याच कॅमेऱ्यात चांगला व्हिडिओ निघायला लागला. मग कॅन्डिड, प्री-वेडिंग, ड्रोन, रील. रोल संपायची भीती गेली. हे वाईट झालं असं मी अजिबात म्हणणार नाही. अंधारात फ्लॅशशिवाय फोटो निघतो, गुलाबी नवरदेव कॉम्प्युटरवर गोरा करता येतो, खेड्यातला पोरगा एका कॅमेऱ्यावर नागपूरपर्यंत कामं घेतो. त्याच पोरांना २०२० आणि २०२१ चे उन्हाळे कसे गेले तेही आठवा. एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. काकांनी त्या दोन सीझनमध्ये दुकानात झेरॉक्स मशीन टाकलं, ते अजून आहे.

पण रोल संपायची भीती गेली, तसं मांडवात आधी तासभर फिरणंही गेलं. कशाला फिरायचं? दोन कॅमेरे चार हजार वेळा दाबले की सगळं येणारच. माझ्या स्क्रिप्टने दाखवलं की सगळं येत नाही. कॅमेरा जिथे गर्दी आणि झगमग, तिथेच वळतो. आता तर लग्नात क्यूआर कोड असतो. सेल्फी टाकली की तुमचे सगळे फोटो तुमच्या मोबाइलवर. फार सोयीचं आहे, त्यातली टेक्नॉलॉजी मला कळते, आवडते. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो त्यात स्वतःला शोधणारच नाही. आणि शोधलं कुणी नाही, तर तो नव्हताच असं होतं.

दोन कामाच्या गोष्टी सांगतो. एक, फोटो कुणाचे? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतलेत आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या फोटोंचा पहिला हक्क तुमचा. फोटोग्राफरला ते जाहिरातीला वापरायचे असतील तर आधीच बोलून, लिहून घ्या. दोघांचंही भलं. दुसरं, २५ एमबीचे ३,००० फोटो म्हणजे ७५ जीबी. एकाच हार्ड डिस्कवर ठेवू नका, ती मरते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आणि वीस-पंचवीस फोटो कागदावर काढाच. आजीचा फोटो लोखंडी कपाटात वीस वर्षं विजेशिवाय टिकला.

मी आता दरवर्षी मे महिन्यात आठ दिवस सुट्टी टाकून काकांकडे जातो. माझ्या मॅनेजरला हे कळत नाही. लाइट आता दुसरा पोरगा धरतो, मला दुसरा कॅमेरा मिळालाय. पायाचे तुकडे पडतात, शेवटच्या पंगतीत गार वरण मिळतं. तरी मजा येते. दोन वर्षांपूर्वी एका नवरीने काकांच्या पाया पडून सांगितलं की तिच्या आईचं लग्नही त्यांनीच काढलं होतं. काका म्हणाले, "माहीत हाय. तुही मायही डोळे मिटत होती."

या वर्षी एका लग्नात माझ्या कार्डवर अजून हजार फोटोंची जागा होती. पाठवणी झाली, मी बॅग भरत होतो. काकांनी नुसतं बघितलं. मी बॅग परत उघडली आणि मांडवाच्या मागे गेलो. तिथे भांडी घासत बसलेल्या एका आजीला विचारलं, "आजी, एक फोटो काढू का तुमचा?"

"माह्या कायले काढतं बाप्पा," असं म्हणत तिने हात लुगड्याला पुसले, पदर नीट केला आणि खुर्चीत ताठ बसली.

तर मंडळी, आजचा भाग इथेच थांबवतो. या सीझनमध्ये लग्नाला जाल तेव्हा दोन गोष्टी करा. फोटोग्राफरला वेळेवर जेवायला बसवा. आणि घरात ज्याचा फोटो नाही, त्याच्याकडे त्याला घेऊन जा. तुमच्या घरच्या अल्बममध्ये असा एखादा शेवटच्या पानावरचा फोटो असेल तर त्याची गोष्ट मला सांगा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. भेटू लवकरच. काळजी घ्या, उन्हात फिरू नका.